पत्ता, रस्ता आणि नाव : हॅम रेडिओचं ४४नेट नीट कसं उभारायचं

नमस्कार. ४४नेट म्हणजे ४४ ने सुरू होणाऱ्या आयपी पत्त्यांवर चालणारं हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचं, जाळं. समजा त्याला जोडणारं तुमचं यंत्र, म्हणजे गेटवे, सुरू आहे. युरोपातल्या एखाद्या हॅमचं स्टेशन तुमच्या पिंगला, म्हणजे ‘आहेस का?’ अशा चाचणी संदेशाला, उत्तर देतंय. पण साध्या मोबाइलवरून क्लबचं पान उघडायला गेलं की ते उघडतच नाही. मग माणूस राउटर उघडतो, फायरवॉलचे नियम पुसतो, पुन्हा लिहितो, आणि त्यात रात्र जाते.

अशा वेळी आधी डीएनएस, म्हणजे नाव आणि पत्ता यांची जोडी ठेवणारी नोंद, बघा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथे ४४नेटचा मुख्य गेटवे आहे. बाहेरच्या इंटरनेटवरून आलेलं पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, तो तुमच्याकडे सोडतो, पण तुमच्या पत्त्याला ‘एएमपीआर डॉट ऑर्ग’ या डोमेनमध्ये नाव असेल तरच. नाव नसेल तर पॅकेट तिथेच टाकून देतो. दोन गेटवे एकमेकांशी थेट बोलतात, मध्ये हा पहारा नसतो, म्हणून युरोपातून उत्तर येतं आणि मोबाइलवरून येत नाही.

या नियमामागचं कारण रास्त आहे. इंटरनेटवरच्या कुठल्याही सार्वजनिक पत्त्यावर दिवसरात्र कोणी ना कोणी दार वाजवत असतं. हा सगळा कचरा १२०० बॉडच्या, म्हणजे अगदी संथ, रेडिओ लिंकवर आला तर कामाच्या पॅकेटला जागाच उरणार नाही.

म्हणून या व्हिडिओत एक गोष्ट पक्की करू. पत्ता मिळणं, त्या पत्त्यापर्यंत रस्ता असणं आणि त्या पत्त्याला नाव असणं या तीन स्वतंत्र नोंदी आहेत. त्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या जातात आणि एक बदलली म्हणून दुसरी आपोआप बदलत नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात. १९८१ मध्ये हँक मॅग्नुस्की या हॅमच्या विनंतीवरून, तेव्हा इंटरनेटचे क्रमांक वाटून देणाऱ्या जॉन पोस्टेल यांनी ४४ ने सुरू होणारे सगळे पत्ते हौशी रेडिओसाठी राखून दिले. म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते. पुढे अनेक वर्षं ब्रायन कँटर यांनी त्यांची व्यवस्था सांभाळली. २०११ मध्ये त्यासाठी अमॅच्युअर रेडिओ डिजिटल कम्युनिकेशन्स, म्हणजे एआरडीसी, ही ना-नफा संस्था उभी राहिली. २०१९ मध्ये एआरडीसीने यातला चौथा हिस्सा, ४४.१९२.०.०/१० (तिरप्या रेघेनंतरचा आकडा जितका लहान, तितका पत्त्यांचा गट मोठा), अ‍ॅमेझॉनला विकला. त्या पैशातून आज रेडिओ प्रकल्पांना आणि शिष्यवृत्त्यांना अनुदान मिळतं. विक्रीआधी सर्वसामान्य वापरकर्त्यांना विचारलं गेलं नाही, ही तक्रार तेव्हा झाली आणि ती योग्य होती असं आमचं मत आहे. जर्मनीतल्या हॅमनेटला, म्हणजे तिथल्या हॅमच्या रेडिओ जाळ्याला, तर अख्खं जाळं नव्या पत्त्यांवर हलवावं लागलं.

आपल्यासाठी या विक्रीतून निघणारा मुद्दा अगदी व्यावहारिक आहे. २०१९ पूर्वीच्या बहुतेक मार्गदर्शिकांत ‘४४.०.०.०/८ चा सगळा ट्रॅफिक टनेलमध्ये टाका’ असं लिहिलेलं असतं (टनेल म्हणजे इंटरनेटमधून ४४नेटकडे नेणारी वाट). ती ओळ आज जशीच्या तशी वापरली, तर अ‍ॅमेझॉनच्या सर्व्हरवर असलेल्या कितीतरी वेबसाइट आणि अ‍ॅप तुमच्या घरून बंद पडतील. तेही सगळी नाहीत, मधलीच काही, त्यामुळे कारण पटकन लक्षात येत नाही. आज आपल्याकडे उरलेत ते दोन भाग : ४४.०.०.०/९ आणि ४४.१२८.०.०/१०. राउटमध्ये, फायरवॉलमध्ये, जुन्या स्क्रिप्टमध्ये, जिथे जिथे /८ दिसेल तिथे या दोन ओळी लिहा.

आता पत्ता कसा घ्यायचा ते बघू. ‘पोर्टल डॉट एएमपीआर डॉट ऑर्ग’वर खातं उघडायचं आणि कॉलसाइनची, म्हणजे परवान्यातल्या तुमच्या स्टेशनच्या खुणेची, पडताळणी करून घ्यायची. त्यासाठी परवान्याची प्रत लागते. भारतात हौशी रेडिओचा परवाना दूरसंचार विभाग देतो. परवान्यावर नाव जसं छापलंय, अगदी तसंच खात्यात लिहा. वडिलांचं नाव एकीकडे आणि दुसरीकडे फक्त आद्याक्षर असं झालं, तर पडताळणी अडू शकते.

अर्जात किती पत्ते मागायचे? एकट्या स्टेशनला /२९ पुरतो, त्यात ८ पत्ते येतात. क्लबचे दोन-तीन रिपीटर (सिग्नल पुढे पाठवणारी केंद्रं), एक मेलबॉक्स आणि एक एपीआरएस (स्थान आणि छोटे संदेश रेडिओवरून पाठवण्याची पद्धत) गेटवे असेल तर /२८ मागा, म्हणजे १६. अर्जात नेमका वापर लिहा : कोणतं उपकरण, कुठे, कोणत्या बँडवर. ‘प्रयोगासाठी’ एवढंच लिहिलं तर पत्ते वाटणारा समन्वयक उलट प्रश्न विचारणार, आणि विचारायलाच हवेत.

/२४, म्हणजे २५६ पत्ते, मागायचे तेव्हाच जेव्हा तुम्ही ते बीजीपीने, म्हणजे सेवापुरवठादारांचे राउटर एकमेकांना रस्ते सांगतात त्या पद्धतीने, स्वतः इंटरनेटवर जाहीर करणार असाल. /२४ पेक्षा लहान तुकडा जगातले बहुतेक राउटर स्वीकारत नाहीत, म्हणून ही किमान मर्यादा. त्यासाठी तुमच्या वतीने घोषणा करायला तयार असलेला सेवापुरवठादार हवा आणि त्याला दाखवायला एआरडीसीचं अधिकारपत्र हवं. घरगुती ब्रॉडबँडवर हे होत नाही.

आणि पत्ता मिळेपर्यंत मनाने कुठलाही ४४ चा पत्ता लावू नका. टेबलावर चाचणी करायची असेल तर ४४.१२८.०.०/१६ हा भाग त्यासाठीच बाजूला ठेवलेला आहे. तो बाहेर मात्र जाऊ द्यायचा नाही.

पत्ते हातात आले की कागद घ्या. पहिला पत्ता गेटवेला, त्यानंतरचे रिपीटरना, शेवटचे चाचणीला. मध्ये रिकामी जागा ठेवा. प्रत्येक पत्त्यासमोर उपकरण, जागा, कॉलसाइन आणि तारीख लिहा. डोंगरावरच्या रिपीटरचा पत्ता बदलायला वर चढून जावं लागतं, तेव्हा या तक्त्याची किंमत कळते.

आता रस्ता. इथे सावकाश जाऊया, कारण सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात.

४४नेटची पारंपरिक पद्धत म्हणजे आयपीआयपी टनेल. तुमचं ४४ चं पॅकेट दुसऱ्या साध्या आयपी पॅकेटच्या पोटात घालून पाठवायचं. याचा प्रोटोकॉल क्रमांक ४. टीसीपी ६ आहे, यूडीपी १७, आणि हा त्या दोन्हींपेक्षा वेगळा. याला पोर्ट नसतो. म्हणूनच राउटरच्या ‘पोर्ट फॉरवर्डिंग’च्या पानावर कितीही शोधलंत तरी प्रोटोकॉल ४ सापडत नाही. बऱ्याच घरगुती राउटरवर एकच उपाय चालतो : गेटवेचं यंत्र डीएमझेड होस्ट करायचं, म्हणजे बाहेरून आलेलं सगळं थेट त्याच्याकडे सोडायचं. तसं केलंत तर त्या यंत्रावर स्वतःची फायरवॉल लावल्याशिवाय ते चालू करू नका.

त्याआधी एक तपासणी करा. राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटलेला आहे. भारतातल्या घरगुती फायबर आणि मोबाइल जोडण्यांवर हे सर्रास असतं. सीजीनॅटमधून प्रोटोकॉल ४ आत येणार नाही, तुम्ही काहीही करा. दोनच मार्ग उरतात. सेवापुरवठादाराकडून स्टॅटिक सार्वजनिक आयपी घ्या. नाहीतर एक छोटा भाड्याचा सर्व्हर घेऊन त्याला गेटवे करा आणि तिथून घरापर्यंत वायरगार्ड (सांकेतिक टनेल) टाका. दुसऱ्या मार्गाने जाणार असाल तर सर्व्हर घेण्याआधी एकच प्रश्न विचारा : तुमची फायरवॉल प्रोटोकॉल ४ सोडते का? काहींच्या नियंत्रण पानावर टीसीपी आणि यूडीपी एवढेच पर्याय असतात.

[पडद्यावर : आकृती. घर – गेटवे – इंटरनेट – इतर गेटवे. कमांड उजवीकडे.]

लिनक्सवरची मांडणी अशी. टनेल इंटरफेस उभा करा, त्याला तुमचा ४४ चा पहिला पत्ता /३२ म्हणून द्या, एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, १४८० बाइट ठेवा आणि मल्टिकास्ट, म्हणजे एकाच वेळी अनेकांना जाणारे संदेश, चालू करा. आयपी फॉरवर्डिंग (आलेलं पॅकेट पुढे पाठवणं) चालू करा. मग एक वेगळं राउटिंग टेबल करा, त्याला ४४ क्रमांक द्यायची पद्धत आहे, आणि नियम लिहा की ज्या पॅकेटचा उगम माझ्या ४४ च्या पत्त्यात आहे त्याने हेच टेबल बघावं. या टेबलचा डीफॉल्ट राउट सॅन डिएगोच्या गेटवेकडे जातो.

हा वेगळा टेबल का? कारण ४४ चा उगम असलेलं पॅकेट साध्या ब्रॉडबँडवरून थेट बाहेर गेलं, तर सेवापुरवठादार ते खोटा पत्ता समजून टाकून देतो. त्याच्या दृष्टीने तो बरोबरच आहे. लक्षण असं दिसतं : टीसीपीडंपमध्ये (पॅकेट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) विनंती येताना दिसते, उत्तर जातानाही दिसतं, पण समोर काहीच पोचत नाही. उत्तर कोणत्या इंटरफेसमधून गेलं ते बघा. टनेलऐवजी इथरनेटमधून गेलं असेल तर नियम चुकलाय.

याच्या उलट लक्षणही लक्षात ठेवा. पॅकेट टनेलवर येताना दिसतं, पण यंत्र त्याला उत्तरच देत नाही. तेव्हा आरपी फिल्टर, म्हणजे पॅकेट योग्य वाटेने आलं का हे तपासणारी लिनक्सची सेटिंग, बघा. तो कडक, म्हणजे १ वर असेल, तर आल्या वाटेने परत न जाणारं पॅकेट कर्नल गुपचूप टाकतो. तो २ करा.

जगातल्या बाकी गेटवेंची यादी हाताने भरायची नसते. सॅन डिएगोचा गेटवे ती आरआयपी (राउटरना रस्ते कळवणारा प्रोटोकॉल) आवृत्ती २ मधून सुमारे दर पाच मिनिटांनी पाठवतो. ४४.०.०.१ कडून, मल्टिकास्ट पत्ता २२४.०.०.९, यूडीपी पोर्ट ५२०, आणि तीही टनेलच्या आतून. ती ऐकून टेबल भरण्यासाठी ‘एएमपीआर-रिपडी’ हा छोटा प्रोग्राम आहे. यातला पासवर्ड सगळ्यांना माहीत असतो. तो सुरक्षेसाठी नाही, भलत्याच आरआयपी पॅकेटने टेबल बिघडू नये एवढ्यासाठी आहे. म्हणून फायरवॉलमध्ये ५२० फक्त ४४.०.०.१ साठीच उघडा. प्रोग्राम सुरू करून दहा मिनिटं थांबा. टेबलात शेकडो राउट दिसले तर रस्ता झाला. एकही नसेल तर प्रोटोकॉल ४ तुमच्यापर्यंत येतच नाहीये, किंवा पोर्टलवर तुमच्या गेटवेचा सार्वजनिक पत्ता चुकीचा आहे.

एमटीयूचा हिशेब : साध्या जोडणीवर १५०० मधून टनेलच्या शीर्षकाचे २० गेले, १४८०. पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन जोडणारं ब्रॉडबँड) असेल तर १४९२ मधून २०, म्हणजे १४७२. वायरगार्डवर नेहमीचा आकडा १४२०. टीसीपीचा एमएसएस, म्हणजे पॅकेटमधल्या मजकुराचा कमाल आकार, त्याहून ४० ने कमी ठेवा, म्हणजे अनुक्रमे १४४०, १४३२ आणि १३८०. हे चुकलं की पिंग चालतं, लॉगिनची ओळ येते, आणि मोठं पान अर्ध्यावर लटकतं.

आता नाव. एएमपीआर डॉट ऑर्गमध्ये नाव कॉलसाइनवरून चालतं : कॉलसाइन डॉट एएमपीआर डॉट ऑर्ग. त्याच्या आत मेल, एपीआरएस, गेटवे अशी पोटनावं करता येतात. ए रेकॉर्ड नावावरून पत्त्याकडे नेतो. पत्त्यावरून नाव शोधणारा पीटीआर रेकॉर्ड वेगळा असतो आणि तो ४४ च्या उलट झोनमध्ये राहतो. मेल सर्व्हर चालवणार असाल तर दोन्ही एकमेकांशी जुळायलाच हवेत, नाहीतर समोरचे सर्व्हर तुमचा मेल नाकारतात. इथे एक चूक हमखास होते : ए रेकॉर्डमध्ये घरचा ब्रॉडबँडचा पत्ता टाकला जातो. नाव चालतं, पान उघडतं, पण मुख्य गेटवे बघतो ४४ च्या पत्त्याकडे, आणि त्याला नाव नसतंच.

रेडिओच्या बाजूला डीएनएसचं गणित वेगळं आहे. १२०० बॉड म्हणजे सेकंदाला फार तर १५० बाइट. एएक्स.२५ वर, म्हणजे हॅमच्या पॅकेट रेडिओ प्रोटोकॉलवर, २५६ बाइटची चौकट हवेत जायला निदान १.७ सेकंद घेते, ट्रान्समीटर चालू होण्याचा वेळ आणि चॅनल मोकळा होण्याची वाट पाहणं वेगळंच. लिनक्सचा रिझॉल्व्हर (नावावरून पत्ता शोधणारा भाग) ५ सेकंदांनी कंटाळून पुन्हा विचारतो. मध्ये दोन डिजिपीटर (पॅकेट पुन्हा पाठवणारी स्टेशनं) असले की पहिलं उत्तर येण्याआधीच दुसरा प्रश्न हवेत जातो आणि दोन्ही आदळतात. उपाय सोपा आहे. रेडिओच्या टोकाला नेहमीच्या वीस-तीस नावांची होस्ट फाइल ठेवा, आणि बाकीसाठी गेटवेवर कॅश करणारा, म्हणजे उत्तरं लक्षात ठेवणारा, रिझॉल्व्हर. रेडिओ इंटरफेसचा एमटीयू २५६ ठेवा. १५०० बाइटचं पॅकेट सलग १० सेकंद हवा अडवून ठेवेल, आणि शेवटचा एक बाइट बिघडला तरी सगळं पुन्हा पाठवावं लागेल.

हवेवरचा आणखी एक नियम. हौशी रेडिओवर अर्थ लपवण्यासाठी संदेश सांकेतिक करायचे नाहीत. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांच्या कलम २५ मध्ये हे वेगवेगळ्या देशांतल्या स्टेशनांसाठी स्पष्ट लिहिलंय, आणि तुमच्या परवान्याच्या अटी त्याच्या बरोबरीने वाचायच्या आहेत. इंटरनेटवरचा वायरगार्डचा टप्पा वेगळा, तो हवेत जात नाही. पण रेडिओ लिंकवर संदेश सांकेतिक करणारे एचटीटीपीएस आणि एसएसएच चालवू नका. रेडिओचं टोक सार्वजनिक जाळ्याला जोडण्याआधीही परवान्यातल्या अटी वाचा. गेटवेच्या फायरवॉलमध्ये रेडिओ इंटरफेसकडे जाणारे, या दोघांचे ४४३ आणि २२ हे पोर्ट बंद करून टाका, म्हणजे कोणाकडून नकळतही चूक होणार नाही.

शेवटी क्लबसाठी. पोर्टलचं खातं एकाच माणसाच्या नावावर ठेवू नका. पासवर्ड, पत्त्यांचा तक्ता आणि गेटवेची कॉन्फिग फाइल क्लबच्या निदान दोन परवानाधारकांकडे असू द्या. एखादं स्टेशन बंद झालं तर आधी त्याचा डीएनएस रेकॉर्ड काढा, मग टनेलची नोंद, आणि मगच पत्ता परत करा. उलट क्रमाने केलंत तर तो पत्ता दुसऱ्या कोणाला दिला जाईल आणि त्याच्या यंत्रावर तुमच्या कॉलसाइनचं नाव राहून जाईल.