वरळीचा बेडूक आणि गाळलेलं पान

(दादरमधल्या एका ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत एका निवृत्त विज्ञानशिक्षिकेने दिलेल्या व्याख्यानाचं हे संपादित शब्दांकन.)

पत्रिकेत माझ्या नावापुढे 'निवृत्त शिक्षिका' एवढंच छापलंय, ते बरं केलंत. मी काही शास्त्रज्ञ नाही. परळच्या एका मराठी शाळेत तीसेक वर्षं दहावीला जीवशास्त्र शिकवलं, एवढाच माझा अधिकार. वर्गाच्या दारातून जेवढं दिसतं तेवढंच आज बोलणार आहे.

एका पालकसभेनंतर एक गृहस्थ मागे थांबले. गिरणी बंद पडलेली, पण मुलाच्या अभ्यासावर डोळ्यांत तेल घालून लक्ष. म्हणाले, "बाई, तुम्ही ते माकडाचं शिकवता त्याला माझी हरकत नाही. फक्त जोडीला आपले दशावतार पण सांगत जा. मत्स्य म्हणजे पाण्यातला, कूर्म म्हणजे उभयचर, मग वराह, मग अर्धा माणूस नरसिंह. सगळं आधीच लिहून ठेवलंय आपल्याकडे." मी म्हटलं, "दादा, कासव उभयचर नाही, सरपटणाऱ्यांत येतं." ते म्हणाले, "तेच ते."

हे 'तेच ते' माझ्या डोक्यातून आजवर गेलेलं नाही. माझं माहेर सिंधुदुर्गातलं. रात्रभर जागून दशावतारी खेळ बघत मी वाढले. त्या खेळातला राक्षस संकासुर आला की आम्ही पोरं आईच्या पदराखाली घुसायचो. त्या संकासुराला परीक्षानळीत घालून कोणाचं भलं होणार आहे? त्याचंही नाही आणि परीक्षानळीचंही नाही. पण हे त्या गृहस्थांना कसं सांगावं ते तेव्हा मला सुचलं नाही. मी 'बघते' म्हणाले आणि लोकल पकडली.

तर आजचा विषय. विज्ञानाच्या तासाला सृष्टीच्या निर्मितीची धर्मकथा शिकवावी का? हा वाद मूळचा अमेरिकेतला. तिथे तो शंभर वर्षं चाललाय, आणि पुन्हापुन्हा कोर्टात गेल्यामुळे त्याचं दप्तर फार चांगलं लागलेलं आहे.

१९२५ साली टेनेसी राज्यातल्या डेटन गावात जॉन स्कोप्स या चोवीस वर्षांच्या शिक्षकावर खटला झाला. माणूस खालच्या प्राण्यांपासून आला असं शिकवायला तिथे कायद्याने बंदी होती. खरं सांगायचं तर खटला शिजला गावातल्या औषधाच्या दुकानात. गावाचं नाव होईल, चार पाहुणे येतील, असा व्यापाऱ्यांचा हिशेब होता. शंभर डॉलर दंड झाला. पुढे वरच्या कोर्टाने तो रद्द केला, तोही अशा मुद्द्यावर की दंड ज्यूरीने ठरवायला हवा होता, न्यायाधीशाने नव्हे. कायदा जागच्या जागी राहिला, थेट १९६७ पर्यंत. १९६८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा बंद्याच, धर्माची बाजू घेणाऱ्या म्हणून, घटनाबाह्य ठरवल्या.

बंदी गेली तेव्हा मागणी बदलली. उत्क्रांती शिकवा, पण 'निर्मिती-विज्ञान'ही तितकंच शिकवा. समतोल राखा. आर्कान्साने तसा कायदा केला, तो १९८२ मध्ये पडला. मला त्यातली आवडणारी गोष्ट ही की कायद्याविरुद्ध कोर्टात गेलेल्यांमध्ये बिशप आणि पाद्री होते. आमची श्रद्धा तुमच्या प्रयोगवहीत नको, असं म्हणणारे धर्मगुरू! लुइझियानाचा तसाच कायदा १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सात विरुद्ध दोन मतांनी गेला. त्या वेळी ७२ नोबेल विजेत्यांनी कोर्टाला निवेदन दिलं होतं.

मग तिसरं नाव आलं, 'इंटेलिजंट डिझाइन'. देवाचं नाव घ्यायचं नाही, फक्त 'कोणी तरी बुद्धिमान रचनाकार' म्हणायचं. पेन्सिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळामंडळाने २००४ मध्ये ठराव केला की जीवशास्त्राच्या तासाआधी चार परिच्छेदांचं निवेदन वाचायचं. डार्विनचं म्हणणं ही 'थिअरी' आहे, 'फॅक्ट' नाही, त्यात फटी आहेत, आणि 'डिझाइन' समजून घ्यायला अमुक पुस्तक वाचनालयात ठेवलंय. विज्ञानाच्या शिक्षकांनी हे वाचायला नकार दिला. विद्यार्थ्यांपुढे विषय जाणूनबुजून चुकीचा मांडायचा नाही, या स्वतःच्या आचारसंहितेवर त्यांनी बोट ठेवलं. शेवटी वरच्या साहेबांनी वर्गात येऊन ते वाचलं. या शिक्षकांबद्दल मला मत्सर वाटतो. आमच्याकडे परिपत्रक आलं की आम्ही आधी सही करतो, मग वाचतो.

अकरा पालक कोर्टात गेले. आणि तिथे त्या वाचनालयातल्या पुस्तकाचे जुने मसुदे बाहेर आले. १९८७ च्या निकालाआधीच्या मसुद्यात 'क्रिएशन', निकालानंतरच्या मसुद्यात त्याच वाक्यांत 'इंटेलिजंट डिझाइन'. व्याख्यासुद्धा तीच. एके ठिकाणी 'क्रिएशनिस्ट्स' काढून 'डिझाइन प्रोपोनंट्स' घालताना कोणाचा तरी हात घसरला. जुन्या शब्दाचं डोकं पुढे राहिलं, शेपूट मागे राहिलं आणि मध्ये नवा शब्द अडकला. डीटीपीवाल्यांना हा प्रकार रोजचा. आमच्या दहावीच्या पुस्तकात 'जोडणारे दुवे' असा मुद्दा आहे, दोन गटांची लक्षणं एकाच प्राण्यात दिसतात त्याचा. डकबिल प्लॅटिपससारखाच तो शब्द. नाव दोनदा बदललं, माल तेच ते!

निकाल २० डिसेंबर २००५ ला लागला, १३९ पानांचा. न्यायाधीश जॉन जोन्स, त्यांची नेमणूक जॉर्ज बुश यांनी केलेली. त्यांनी स्वच्छ लिहिलं की हे विज्ञान नाही. ठराव करणाऱ्या मंडळाला गावाने त्याआधीच, नोव्हेंबरच्या निवडणुकीत, घरी बसवलं होतं.

इथे जरा थांबते, कारण 'थिअरी' या शब्दावरून मला एक मराठी तक्रार करायची आहे. इंग्रजीत 'ही तर नुसती थिअरी' असं म्हणून डार्विनला खाली ओढता येतं. मराठीत तसं म्हणून बघा. 'हा तर नुसता सिद्धांत.' जमत नाही! सिद्ध होऊन शेवटाला पोचलं तो सिद्धांत, असा आपल्या शब्दाचाच सूर आहे. म्हणजे आपण या टोमण्यापासून वाचलो. पण दुसऱ्या खड्ड्यात पडलो. सिद्धांत म्हटला की तो पाठ करायचा, त्याला प्रश्न विचारायचा नाही. मी स्वतः वर्षानुवर्षं डार्विनला असंच शिकवलं. 'नैसर्गिक निवडीचा सिद्धांत स्पष्ट करा, गुण पाच.' मुलं घडाघडा लिहायची. एकही चूक नाही आणि एकही शंका नाही. रामरक्षा म्हणावी तसा डार्विन. आज तुम्ही मला विचारलंत की विज्ञानाच्या तासाला धर्म कोणी आणला, तर पहिलं बोट मला स्वतःकडे करावं लागेल.

डोव्हरला आणखी एक गंमत झाली. 'डिझाइन'च्या बाजूचे मुख्य साक्षीदार मायकेल बीही, जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक. वकिलाने त्यांना विचारलं, विज्ञानाची तुमची व्याख्या लावली तर ज्योतिषसुद्धा विज्ञानात बसेल का? ते हो म्हणाले. तिकडे हे उलटतपासणीत सापडणं ठरलं. आपल्याकडे २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांसाठी ज्योतिर्विज्ञानाचे अभ्यासक्रमच काढले. जीवशास्त्रज्ञ पुष्पमित्र भार्गव त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, २००४ मध्ये हरले. मग जयंत नारळीकरांनी पुण्यात साधा मार्ग धरला. वाद घालण्याऐवजी तपासलं. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस दिल्या आणि ओळखा म्हणाले. २७ जणांची उत्तरं आली. सरासरी ४६ टक्के बरोबर. छापा-काटा केला असता तर पन्नास!

आता आपल्याकडचं. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला एका वैदिक संमेलनात केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठे सांगितलेलं नाही, शाळा-कॉलेजातलं हे बदललं पाहिजे. देशाच्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी निषेधाचं निवेदन काढलं. मला मात्र दुसरंच आठवलं. हे गृहस्थ आपल्या मुंबईचे पोलीस आयुक्त होते. डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार नसला तरी ठसे, रक्ताचे डाग, जागेचा पंचनामा यांवर गुन्हा शाबीत होतो, हे आयुक्तांपेक्षा जास्त कोणाला ठाऊक? उत्क्रांतीचा अख्खा खटला परिस्थितिजन्य पुराव्यावरच तर उभा आहे. जीवाश्म, माकडहाडासारखी अवशेषांगं, जनुकं, सगळे एकच जबाब देतात.

आणि तो ठरलेला प्रश्न, मग आत्ताची माकडं माणसं का होत नाहीत? आपण आणि वानर चुलत भावंडं, पणजोबा एक. कोकणातून माणसं गिरणगावात आली म्हणून कोकण रिकामं झालं का? (बरंच झालं म्हणा, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.)

आपल्याकडे डार्विनला शत्रू मानून कोणी फारसं लढत नाही, हे मला दिसतं. सृष्टी सहा हजार वर्षांची, असा हट्ट आपला नाही. उलट आपल्याकडे ब्रह्मदेवाचा एक दिवसच ४३२ कोटी वर्षांचा. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी, म्हणजे बघा किती जवळ, असं लोक मला कौतुकाने सांगतात. मी त्यांना एकच विचारते, ४५४ कसे आले ते सांगता येतं. उल्कांमधलं युरेनियम किती आणि त्याचं शिसं किती झालं, ते मोजलं. ४३२ कसे आले? त्यावर चहा येतो. अंधेरीचा गिल्बर्ट हिल बघा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा दोनशे फुटी काळा खडक, आणि वर गावदेवीचं देऊळ. पायऱ्या चढणाऱ्या एकाही बाईचं त्या साडेसहा कोटींशी भांडण नाही.

भांडण नाही, म्हणूनच आपल्याकडे गोष्ट आवाज न करता होते. करोनानंतर मुलांवरचा भार हलका करायचा म्हणून केंद्रीय मंडळाच्या शाळांची पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने दहावीच्या 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या प्रकरणातली उत्क्रांती काढली. २०२३ च्या एप्रिलमध्ये अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी पत्र लिहिलं. उत्तर आलं की बारावीत आहे की! आहे, पण बारावीला जीवशास्त्र घेणाऱ्यांपुरती. सगळ्या मुलांना सक्तीचं विज्ञान दहावीला संपतं. जो पुढे बँकेत जाणार, वकील होणार, मंत्री होणार, त्याची आणि उत्क्रांतीची गाठ पडायची ती दहावीतच. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ च्या पुस्तकात ती पहिल्याच धड्यात आहे. म्हणजे लालबागच्या एकाच चाळीत समोरासमोरच्या दोन खोल्यांतली दोन मुलं, एकाला पूर्वज आहेत, दुसऱ्याला नाहीत.

डोव्हरच्या पालकांना कोर्टात जाता आलं, कारण कोणी तरी काही तरी आणून घुसवलं होतं. चार परिच्छेद हातात धरून दाखवता येत होते. गाळलेलं पान हातात कसं धरणार? घटनेच्या ५१ क मध्ये वैज्ञानिक दृष्टी हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून १९७६ पासून लिहिलेलं आहे, पण पान गेलं म्हणून त्याखाली दाद मागता येईल असं मला वाटत नाही.

शेवटी तुमच्या पत्रिकेत छापलेल्या शीर्षकातल्या बेडकाकडे येते. तीस वर्षं मी जोडणारे दुवे शिकवताना जर्मनीतल्या आर्किऑप्टेरिक्सचं, म्हणजे सरपटणारे आणि पक्षी यांच्यामधल्या प्राण्याचं, चित्र काढलं. निवृत्त झाल्यावर मला कळलं की आपल्या वरळीच्या टेकडीत, लाव्हाच्या दोन थरांमधल्या तळ्याच्या गाळात, इवल्याशा बेडकांचे जीवाश्म सापडले होते. १८४७ साली लंडनमध्ये रिचर्ड ओवेनने त्यांचं वर्णन छापलं, डार्विनच्या ग्रंथाच्या बारा वर्षं आधी. हाच ओवेन पुढे डार्विनचा कडवा विरोधक झाला. त्या बेडकाला आज इंडोबॅट्रॅकस म्हणतात. माझ्या शाळेपासून बसने वीस मिनिटांवरची ही गोष्ट, आणि मी मुलांना जर्मनीला नेत होते.

मागच्या महिन्यात नातवाबरोबर वरळीच्या बसमध्ये होते. तो दहावीला, केंद्रीय मंडळाच्या शाळेत. त्याच्या पुस्तकात प्रकरणाचं नाव नुसतं 'हेरेडिटी'. मी त्याला हे बेडकाचं सांगितलं. त्याने खिडकीतून टेकडीकडे पाहिलं आणि विचारलं, "पण आजी, लाव्हा परत आल्यावर त्यातले वाचले कोण? आणि त्यांची पोरं आता कुठायत?" तीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी अर्धंमुर्धं सांगत होते तेवढ्यात पोद्दार हॉस्पिटलचा स्टॉप आला, आणि आम्ही उतरलो.