टेबलाच्या खणातला शोधनिबंध

(ग्रंथपाल दिनानिमित्त नाशिकमध्ये झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या ग्रंथपाल मित्रमैत्रिणींनो,

पत्रिकेवर विषय छापलाय, 'ग्रंथालयशास्त्राच्या नियतकालिकाकडे शोधनिबंध कसा पाठवावा'. ते मी सांगणारच आहे. पण कसा पाठवावा, यावर कार्यशाळा पुष्कळ झाल्या. काय पाठवावं, यावर कुणी बोलत नाही. माझं ठाम मत आहे की इथं बसलेल्या प्रत्येकाच्या टेबलाच्या खणात एक चांगला शोधनिबंध पडलेला आहे, आणि तो सोडून आपण भलताच लिहीत बसतो.

भलता म्हणजे कोणता, ते तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्या पानावर भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन, १९३१, त्यांची ग्रंथालयाची पाच सूत्रं. दुसऱ्या पानावर 'आजचे युग हे माहिती तंत्रज्ञानाचे युग आहे'. मग शंभर विद्यार्थ्यांना वाटलेली प्रश्नावली, टक्केवारीचे तक्ते, रंगीत आलेख, आणि शेवटी शिफारस: ग्रंथालयाने वाचकाभिमुख व्हावे. मागच्या रांगेतले एम.लिब.चे विद्यार्थी हसताहेत, म्हणजे प्रबंधिका लिहून झालेली दिसते! रंगनाथनांबद्दल मला अपार आदर आहे, आज त्यांच्याच जन्मदिवशी आपण जमलोय. पण त्यांनी सूत्रं काढली ती मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात रोज काम करता करता, समोर आलेल्या वाचकाकडे बघून. आपण सूत्रं घेतो आणि बघायचं सोडून देतो.

आता अण्णांची गोष्ट सांगतो. अण्णा इथंच बसलेत. नाव घेऊ नका म्हणालेत, म्हणून फक्त अण्णा. निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागांच्या गावात 'क' वर्गाचं, म्हणजे छोटं, वाचनालय चालवतात. कार्यकारिणीच्या प्रत्येक बैठकीत त्यांना एकच ऐकावं लागायचं, मोबाईल आला आणि वाचक गेला. अण्णांनाही ते पटत चाललं होतं. मी म्हटलं, देवघेवीचं रजिस्टर आणा, बघू कधी गेला ते.

त्यांनी ते कापडात बांधून आणलं. कडा झिजलेल्या, पाठीला चिकटपट्टी. तारीख, सभासद क्रमांक, दाखल क्रमांक, परत आल्याची तारीख, सही. ऑगस्टची पानं खच्चून भरलेली, समासातसुद्धा नोंदी. ऑक्टोबर उघडला तर एका पानावर चार-चार दिवस मावलेले. मी काही बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "गोडी छाटणी, सर." म्हणजे द्राक्षाच्या फळासाठीची छाटणी. एप्रिलचं पान काढलं, तेही तसंच विरळ. "खरड छाटणी." फेब्रुवारी-मार्चला काढणी चालू, तेव्हाही तेच. मागच्या वर्षाचं रजिस्टर काढलं, त्याच्या मागचं काढलं, ओळ तीच. वाचक मोबाईलकडे गेलेला नव्हता, बागेत गेलेला होता. घड औषधात बुडवायचे (डिपिंग), मणी विरळ करायचे (थिनिंग), त्यात भुरी आणि डाऊनी या रोगांची धास्ती. त्या दिवसांत कादंबरी कोण नेणार?

यात आणखी एक गंमत निघाली. दिवाळीच्या सुट्टीत काही मोठ्या माणसांच्या क्रमांकावर एकामागून एक बालवाङ्मय गेलेलं. अण्णा हसले, "बापाच्या कार्डावर पोरं नेतात." म्हणजे रजिस्टरातला सभासद आणि पुस्तक वाचणारा माणूस एक नव्हे. संशोधन यापेक्षा वेगळं काय असतं? द्राक्षबागेचं वेळापत्रक आणि गावाचं वाचन यांचा हा संबंध लंडनमध्ये बसून कुणाला दिसणार नाही. पुण्यात बसूनही दिसणार नाही. तो निफाडच्या माणसालाच दिसतो, कारण गोडी छाटणी कधी असते हे त्याला विचारावं लागत नाही.

मग अण्णांनी लेख लिहिला. आणि काय केलं? सुरुवातीला सात पानं ग्रंथालयाचा इतिहास, १९६७चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, पाच सूत्रं. रजिस्टर आलं आठव्या पानावर. संपादकांनी परीक्षकांकडे न पाठवताच लेख परत केला, नवीन काही दिसत नाही म्हणून. अण्णा खचले. मला मात्र संपादकांचा राग आला नाही. त्यांच्यापुढे लेखांचा ढीग असतो, ते सारांश आणि पहिली दोन पानं बघतात. आठव्या पानापर्यंत त्यांनी का यावं?

आम्ही सात पानं काढून टाकली. पहिलंच वाक्य रजिस्टरावरचं ठेवलं आणि तो लेख दुसऱ्या नियतकालिकाकडे धाडला. तिथून परीक्षकांचा अभिप्राय आला. एकाने फार नेमकं विचारलं होतं: जो माणूस पुस्तक घरी नेत नाही, वाचनालयात बसूनच वाचतो, तो या रजिस्टरात कुठे आहे? अण्णांकडे उत्तर नव्हतं. पण त्यांनी टाळाटाळ केली नाही. पुढच्या छाटणीच्या दिवसांत सकाळी वाचनालय उघडल्यापासून टेबलाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद ठेवली. बागेत जाण्याआधी वर्तमानपत्र वाचून जाणारे पुष्कळ निघाले. आधीच्या मसुद्यात 'छाटणीच्या काळात वाचन थांबते' असं वाक्य होतं. ते बदललं. पुस्तक थांबतं, वाचन थांबत नाही. ज्याचं नावही आपल्याला माहीत नाही अशा परीक्षकानं एका प्रश्नात लेख सुधारला, आणि तेही फुकट. समीक्षण म्हणजे हे. लेख छापून आला.

आता या गोष्टीची नेमकी उलटी बाजू. तुमच्या फोनवर येतात ना ते संदेश? 'तीन दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्र व्हॉट्सअ‍ॅपवर'. पैसे भरा, लेख छापला. पदोन्नतीची फाईल जाड करायला आपल्यातल्या कितीतरी चांगल्या माणसांनी पैसे भरले, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. अशा नियतकालिकांची यादी करून जगाला सावध करणारा जेफ्री बील हा अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा ग्रंथपाल होता. म्हणजे हे काम आपल्या व्यवसायाचं आहे. आपणच त्यात फसलो तर प्राध्यापकांनी कुणाला विचारायचं? यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मे २०१८मध्ये आपल्या मान्य नियतकालिकांच्या यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. त्यानंतर यूजीसीचीच नवी केअर यादी आली, तीही फेब्रुवारी २०२५मध्ये बंद झाली. आता नियतकालिक पारखायची जबाबदारी संस्थांवर आहे, म्हणजे प्राचार्य बेल वाजवून बोलावणार ते ग्रंथपालालाच. तेव्हा हे पक्कं करा: आयएसएसएन हा फक्त ओळख क्रमांक आहे, आठ आकडी. तो गुणवत्तेचा शिक्का नव्हे. संपादक मंडळातल्या माणसांच्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन बघा, त्यांना या नियतकालिकाचा पत्ता तरी आहे का. मागचे दोन अंक उघडून वाचा. ग्रंथालयशास्त्राच्या अंकात साबणाच्या रसायनावर लेख असेल तर तिथूनच मागे फिरा.

चिठ्ठी आलीये, दहा मिनिटं उरली म्हणून. तर मूळ विषय आता भराभर घेतो, लिहून घ्या.

आधी नियतकालिक ठरवा, मग लेखाला शेवटचा हात द्या. आपल्याकडे 'अ‍ॅनल्स ऑफ लायब्ररी अँड इन्फर्मेशन स्टडीज' आहे, १९५४पासूनचं. डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या डेसिडॉक या माहिती केंद्राचं 'जर्नल ऑफ लायब्ररी अँड इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी' आहे. दोन्ही सर्वांना वाचायला खुली आहेत, तेव्हा अंक मिळत नाही ही सबब चालणार नाही. त्यांच्या संकेतस्थळावर लेखकांसाठी सूचना असतात, त्या छापून काढून टेबलावर ठेवा. शब्दमर्यादा, सारांश किती शब्दांचा, संदर्भ कोणत्या पद्धतीने, तक्ते कुठे, सगळं तिथं असतं. आपण रोज तालिकीकरण करणारी माणसं. संदर्भात स्वल्पविरामाची चूक आपल्याकडून होता कामा नये.

एका वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठवायचं. त्यांचं उत्तर येईपर्यंत दुसरीकडे नाही. समीक्षण दोन्ही बाजूंनी निनावी असेल तर लेखातून नाव काढाच, पण वर्डच्या फाईलच्या गुणधर्मांत लेखक म्हणून तुमचं नाव राहतं, तेही पुसा. आभार वेगळ्या पानावर. 'माझ्या निफाडच्या वाचनालयात' असं वाक्य राहिलं तर निनावीपण गेलंच. सभासदांची नावं कधीही छापायची नाहीत, क्रमांकसुद्धा बदलून टाका. कोण काय वाचतो हे गुपित राखणं आपल्या धर्मातलं आहे.

साम्य, म्हणजे लेखातला मजकूर दुसरीकडच्या मजकुराशी किती जुळतो, ते तपासून घ्या. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण ती मर्यादा आहे, दहा टक्के उचलायची मुभा नव्हे. एआयची मदत घेतली असेल तर नियतकालिकाचं धोरण वाचा आणि तसं नमूद करा, लेखक म्हणून मात्र एआयचं नाव देता येत नाही. ऑर्किड हा संशोधकाची ओळख पटवणारा सोळा आकडी क्रमांक फुकट मिळतो, आज रात्रीच काढा. आपल्याकडे एकाच आडनावाचे आणि आद्याक्षरांचे दहा लेखक निघतात, तिथं तो फार उपयोगी पडतो.

अभिप्राय आला की त्याच दिवशी उत्तर लिहू नका. दोन दिवसांनी परीक्षकाचा प्रत्येक मुद्दा उतरवून त्याखाली काय बदललं, कोणत्या पानावर, ते लिहा. पटलं नसेल तर कारण द्या, सौम्य शब्दांत, पण द्या. नकार आला तर अभिप्राय जपून ठेवा, पुढच्या ठिकाणी तो कामाला येतो. स्वीकृती आली तर मुद्रितं स्वतः वाचा, विशेषतः आपलं नाव आणि गावाचं नाव. परक्या संगणकावर दिंडोरीचं काय होईल सांगता येत नाही. हक्क हस्तांतराचा कागद सही करण्याआधी वाचा. स्वतःच्या संस्थेच्या संग्रहात प्रत ठेवायची परवानगी त्यात आहे का, ते बघा.

मराठीत लिहावं की इंग्रजीत, हा प्रश्न येणार म्हणून आधीच सांगतो. मसुदा मराठीत करा. विचार ज्या भाषेत येतो त्या भाषेत मांडणी पक्की होते. नियतकालिक इंग्रजी असेल तर नंतर इंग्रजीत नव्याने लिहा, सहकाऱ्याला बरोबर घ्या आणि त्याच्या कामाप्रमाणे त्याचं नाव सहलेखक म्हणून किंवा आभारात द्या. जुन्या नोंदींचं काय करायचं, असं मघाशी मालेगावच्या ताईंनी विचारलं होतं. त्यांच्याकडे उर्दू आणि मराठी दोन्ही पुस्तकांची रजिस्टरं आहेत, आणि ती रद्दीत काढा असं वरून सांगितलं जातंय. ताई, ती द्यायची नाहीत. पुढे या, माईक घ्या, त्यात काय काय आहे ते आधी सगळ्यांना सांगा.