सुखबातर चौकातली दहा माणसं

(दृश्य: बर्फाने पांढरा पडलेला मोठा चौक. माणसांच्या तोंडातून वाफ निघते आहे.)

10 डिसेंबर 1989. मानवी हक्क दिन. मंगोलियाची राजधानी उलानबातर इथे, युवक सांस्कृतिक केंद्रासमोर, कडाक्याच्या थंडीत दोनशेच्या आसपास तरुण जमले. त्यांना अनेक पक्ष हवे होते आणि खऱ्या निवडणुका हव्या होत्या. 1921 पासून या देशात एकाच पक्षाची सत्ता होती, मंगोलियन जनक्रांतिकारी पक्षाची. क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या पाचपट असलेल्या या देशाची वस्ती तेव्हा जेमतेम 21 लाख होती.

(दृश्य: जुना फोटो. सोबत्याच्या खांद्यावर बसलेला तरुण, हातात भोंगा.)

हा संजासुरेंगीन झोरिग. मॉस्कोत शिकून आलेला, विद्यापीठात शिकवणारा, वय 27. गर्दी बिथरते आहे, समोर पोलीस आहेत, आणि हा खांद्यावर चढून लोकांना शांत राहायला सांगतो आहे. चळवळीचा नेता गर्दीला पुढे ढकलण्याऐवजी आवरतो, म्हणूनच हा फोटो मला फार मोलाचा वाटतो.

7 मार्च 1990 रोजी सुखबातर चौकात दहा जण उपोषणाला बसले. सरकारी इमारतीसमोर, उघड्यावर. बाजूला गर्दी वाढत गेली. पक्षाच्या नेतृत्वापुढे बळाचा वापर करण्याचा आदेश सहीसाठी आला. चीनमधल्या तियानानमेन चौकातल्या गोळीबाराला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पक्षाचे सरचिटणीस जांबिन बात्मुंख यांनी सही केली नाही. आपण मूठभर मंगोल, एकमेकांचं नाक फोडायची वेळ आपल्यावर आलेली नाही, अशा अर्थाचं ते बोलल्याचं तिथे आजही सांगितलं जातं. 9 मार्चला त्यांनी आणि अख्ख्या पॉलिटब्युरोने, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च समितीने, राजीनामा दिला. कुणाचाही जीव गेला नाही.

या गोष्टीत आपल्या देशाचाही एक माणूस आहे. लडाखचे कुशोक बकुला रिंपोचे, माजी खासदार आणि बौद्ध लामा, जानेवारी 1990 मध्ये भारताचे राजदूत म्हणून उलानबातरला पोचले होते. धर्म दडपल्या गेलेल्या त्या देशात आंदोलक त्यांच्याकडे आशीर्वादाला येत. हिंसा करू नका, एवढंच ते सांगत. पुढे दहा वर्षं ते तिथेच राजदूत राहिले.

(दृश्य: गवताळ माळरान, गोल तंबू, घोड्यावरून मतपेटीकडे निघालेला मेंढपाळ.)

जुलै 1990 मध्ये पहिली बहुपक्षीय निवडणूक झाली आणि जुनाच पक्ष प्रचंड बहुमताने जिंकला. चौकातल्या तरुणांना हा धक्का होता, पण कारण उघड आहे. नवे पक्ष राजधानीत जन्मले होते. माळरानावर मात्र शाळा, दवाखाना, पशुवैद्य जे काही पोचलं होतं, ते त्या पक्षाच्या नावाने पोचलं होतं.

1992 मध्ये नवी राज्यघटना आली. संसदेत, म्हणजे खुरालमध्ये, 76 जागा. त्या वर्षीचा निकाल नीट समजून घेण्यासारखा आहे. जुन्या पक्षाला मतं मिळाली 57 टक्क्यांच्या घरात, आणि जागा 70! मतदारसंघ होते 26, प्रत्येकात दोन ते चार खासदार. आपल्या महापालिकांच्या प्रभागांत अख्खं पॅनल निवडून येतं ना, काहीसं तसं. जिथे एका पक्षाची थोडी आघाडी, तिथे सगळ्या जागा त्याच्या. विरोधकांना कळलं की चौघांनी वेगवेगळं लढणं म्हणजे चौघांनी हरणं. मग ते एकत्र आले. 1993 मध्ये राष्ट्राध्यक्ष पुन्सलमागीन ओचिरबात यांना त्यांच्याच, म्हणजे जुन्या पक्षाने उमेदवारी नाकारली, तेव्हा विरोधकांनी त्यांना उभं केलं आणि निवडून आणलं.

1996 मध्ये लोकशाही आघाडीने 50 जागा जिंकल्या. 75 वर्षांनंतर जुना पक्ष सत्तेतून उतरला, मुकाट्याने, कुठेही रणगाडा न आणता. एकदा निसटलेली सत्ता परत मिळेल याची खात्री नसताना ती सोडणं सोपं नसतं, आणि याचं श्रेय मी त्या पक्षालाही देते.

आघाडीची मात्र दमछाक झाली. सभागृहाची गणसंख्या, म्हणजे कामकाजाला लागणारी किमान हजेरी, होती 51, यांच्याकडे 50. विरोधक बाहेर गेले की कामकाज ठप्प. चार वर्षांत सरकारं बदलत राहिली. 2 ऑक्टोबर 1998 रोजी झोरिगचा त्याच्या घरात खून झाला. त्या वेळी पंतप्रधानपदासाठी त्याचं नाव चर्चेत होतं. खूप वर्षांनी खटला चालला, तोही बंद दाराआड. शिक्षा झाल्या, लोकांच्या मनातला संशय मात्र फिटला नाही. त्याची बहीण ओयून राजकारणात उतरली, त्याच्या जागेवर निवडून आली आणि तिने स्वतःचा पक्ष काढला.

2000 मध्ये जुना पक्ष 76 पैकी 72 जागा घेऊन परतला. 2008 च्या निकालावरून दंगल पेटली, त्या पक्षाचं मुख्यालय जाळलं गेलं, पाच जण मेले. इतकी वर्षं आंदोलनात रक्त न सांडलेल्या राजधानीला ती रात्र फार जिव्हारी लागली. तांबं आणि कोळशाच्या खाणींचा पैसा आला, तसे भ्रष्टाचाराचे आरोप दोन्ही मोठ्या पक्षांवर झाले. तरी मतदान थांबलं नाही. 2024 मध्ये खुरालच्या जागा 126 झाल्या, त्यातल्या 48 पक्षांच्या मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात. स्त्रिया निवडून आल्या 32.

(दृश्य: तोच चौक, रात्र, मोबाइलचे दिवे.)

2025 च्या मे महिन्यात तरुण पुन्हा इथे जमले. पंतप्रधानांच्या मुलाच्या उधळपट्टीच्या बातम्या आल्या होत्या, आणि हे पैसे कुठून आले, एवढाच त्यांचा प्रश्न होता. यातल्या बहुतेकांचा 1990 मध्ये जन्मही झाला नव्हता. 3 जूनच्या पहाटे खुरालमध्ये विश्वासमत झालं. हवी होती 64 मतं, मिळाली 44. पंतप्रधान ओयून-एर्दने पायउतार झाले.

(दृश्य: चौकापासून जवळच, रस्त्याच्या कडेला झोरिगचा पुतळा. कॅमेरा काही क्षण तिथेच थांबतो.)