मामांचे वॉकर

[दृश्य: बेळगावच्या शहापुरातल्या घराचं स्वयंपाकघर. ओट्यावर वाटीत पातळ पोहे, शेजारी एक बाटली.]

हे पोहे फोडणीला जाणार नाहीत. ते भाचीच्या गालाला लागणार आहेत, तिला 'वॉकर', म्हणजे एका टीव्ही मालिकेतलं चालतं प्रेत, बनवायला.

आधी व्हॅसलीन. भुवयांवर जरा जास्तच, नाहीतर सोलताना केसही हाताला येतात. मग बाटलीतलं लेटेक्स, म्हणजे रबराचा चीक, पातळ हात मारून. त्याला अमोनियाचा उग्र वास असतो, डोळे झोंबतात, म्हणून मागचं दार सताड उघडं ठेवलंय. पहिला थर वाळला की टिश्यू पेपरचा तुकडा. तो कात्रीनं कापायचा नाही, हातानं फाडायचा. कापलेली कड लांबूनही ओळखू येते, फाडलेली कातडीत मिसळून जाते. वरून पुन्हा लेटेक्स, आणि ते ओलं असतानाच पोहे, एकेक करून, करंगळीच्या टोकानं. वाळत आलं की पोह्यांच्या कडा उचलतात. मग सफेदा, त्यात किंचित पिवडी, थोडा हिरवा, आणि प्रत्येक खाचेत काजळ. काजळ मात्र बोटानं नाही, झिजलेल्या ब्रशनं.

तासाभरानं भाची आरशात बघते आणि म्हणते, "मामा, तिसऱ्या पर्वातली झालो की मी!"

[दृश्य: जुनी पत्र्याची मेकअपपेटी उघडते.]

मामा बेळगावचे. म्हणजे आता पाटीवर बेळगावी, २०१४ पासून. पण त्यांच्या तोंडी बेळगावच. गल्लीत त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही. मोठे 'मेकअपवाले' म्हणतात आणि लहान सगळे 'मामा'. पेटी बघा. क्रेपच्या दाढ्या, त्या चिकटवायचा स्पिरिट गम, ग्रीस पेंटच्या म्हणजे तेलकट रंगाच्या चपट्या डब्या, आणि एका कप्प्यात मिश्या, आकारानुसार लावलेल्या. सुरुवात झाली गल्लीतल्या हौशी नाटकांपासून. नाटकं कमी झाली तशी ही पेटी चित्ररथाकडे वळली.

बेळगावची शिवजयंती ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की इथं ती १९ फेब्रुवारीला उरकत नाही. इथला मोठा उत्सव तिथीनं, वैशाखात. आणि मिरवणूक म्हणजे नुसती पालखी नव्हे. गल्लीगल्लीचे चित्ररथ, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभे केलेले सजीव देखावे, रात्री निघतात ते पहाट झाली तरी रस्त्यावरच असतात. अफझलखान, शाहिस्तेखानाची बोटं, सिंहगड, पावनखिंड. मारुती गल्ली, गणपत गल्ली, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, कठड्यांवर बायका, खांद्यांवर पोरं. टीव्हीवाले येतात, समोरून शूट करतात, जातात. ट्रॉलीच्या मागच्या बाजूला कंदिलाएवढ्या उजेडात एक माणूस बाजीप्रभूंच्या छातीवरची जखम पुन्हा ओली करत असतो. तिकडे कॅमेरा वळवलेला आम्ही तरी आजवर पाहिला नव्हता. म्हणून वळवला.

[दृश्य: पातेल्यात पाक उकळतोय.]

मामांचं रक्त. साखरेचा घट्ट पाक, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कॉफी. कॉफी नसली तर रक्त कोकम सरबतासारखं दिसतं. हे त्यांचं त्यांनीच शोधून काढलं, कुणी शिकवलं नाही.

आणि मग भाचीनं मोबाइल टीव्हीला जोडला.

मालिकेचं नाव 'द वॉकिंग डेड'. रॉबर्ट किर्कमन यांच्या कॉमिकवरून बेतलेली, ३१ ऑक्टोबर २०१० ला अमेरिकेत एएमसी वाहिनीवर सुरू झाली आणि २० नोव्हेंबर २०२२ ला संपली. ११ पर्वं, १७७ भाग. रिक ग्राइम्स नावाचा पोलीस इस्पितळात शुद्धीवर येतो, तोवर बाहेर जग संपलेलं असतं आणि मेलेली माणसं चालत असतात. या चालणाऱ्यांना मालिकेत म्हणतात वॉकर. भाचीला रिकचं पुढं काय होतं यात रस. मामांना वॉकरच्या कातडीत. आजी मध्येच येऊन बसतात, वाती वळत. त्यांना कशात रस आहे ते पुढं कळेलच.

आम्ही पोचलो तेव्हा दुसरं पर्व चालू होतं. म्हणून पहिला भाग कॅमेऱ्यासाठी पुन्हा लावायला सांगितला. मामांनी आनंदानं लावू दिला.

[दृश्य: टीव्हीवर हिरवळ, पडलेली सायकल. मग मामांचा चेहरा.]

रिक सायकल उचलतो आणि शेजारच्या गवतातलं प्रेत हात पुढं करतं. कंबरेखाली काहीच नाही. पहिल्या भागातलं हे सगळ्यात गाजलेलं वॉकर. या भागाच्या रंगभूषेला २०११ चं एमी हे अमेरिकन टीव्ही पारितोषिक मिळालं.

"थांबव गे. मागं घे."

भाची मागं घेते.

"कंबरेखालचं काय केलं?"

ती सांगते, की त्या नटीला निळ्या रंगाचं घट्ट काहीतरी घातलं होतं आणि मग पाय कॉम्प्युटरवर पुसून टाकले. मामांचा चेहरा उतरतो. "मग ती फसवणूक झाली की! आम्ही ट्रॉलीच्या फळीला भोक पाडतो आणि माणूस कंबरेइतका आत सोडतो. वरनं आतडी." मग जरा वेळानं, न राहवून, "पण ओठ बघ. ओठ नाहीतच. दात कसले बसवलेत!"

त्यांची दाद अशीच येते, आधी तक्रार करून.

दुसऱ्या पर्वात एका शेतावरच्या विहिरीत पाण्यानं फुगलेला वॉकर सापडतो. पाणी खराब होऊ नये म्हणून मंडळी त्याला गोळी घालत नाहीत, दोर लावून वर ओढतात. काठावर येता येता तो मधोमध फाटतो आणि अर्धा पुन्हा आत पडतो. भाचीनं तोंड झाकलं. मामा उठून टीव्हीजवळ गेले, फुगलेल्या पोटाचा रंग बघायला. आजींनी मात्र वात खाली ठेवली.

"पाणी बाटलं की! आता विहीर उपसल्याशिवाय कोण पिणार?"

आजींचा या मालिकेवर मूळ आक्षेपच वेगळा आहे. पहिल्या पर्वात ही माणसं वॉकरना जाळतात, पण आपल्या माणसांना पुरतात. आजींना ते काही केल्या पटत नाही. "आपल्याला आधी जाळायचं होतं की! उठायचं कारणच राहिलं नसतं." ताटली परत द्यायला आलेल्या शेजारच्या लिंगायत काकू दारातूनच म्हणाल्या, "आमच्यात पुरतात की हो, बसवून. अजून कोण उठून आलं नाही." दोघी हसल्या. हे आम्ही ठरवून घेतलेलं नाही. कॅमेरा चालू होता म्हणून मिळालं.

[दृश्य: टीव्हीवर कोठाराचं दार. मामांचा चेहरा, सलग.]

सोफिया ही लहान मुलगी दुसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात हरवते. सातव्या भागापर्यंत सगळे तिला शोधतात. मग त्या शेतावरचं कोठार उघडतं, एकेक वॉकर बाहेर येतो, आणि सगळ्यात शेवटी ती. हा भाग चालू असताना मामांनी एकदाही 'थांबव' म्हटलं नाही. पुढचं चित्रातच बघा.

[निवेदन नाही.]

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाचीला तेवढाच प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. खांद्याजवळचा चावा नीट बघायचा होता म्हणे.

या मालिकेची रंगभूषा ग्रेग निकोटेरो यांच्या हाताखाली झाली. त्यांनी पुढं बरेच भाग दिग्दर्शितही केले. त्यांच्या कामातल्या दोन गोष्टी मामांनी उचलल्या. एक म्हणजे माणसांची निवड. मेकअप म्हणजे चेहऱ्यावर भर. मेलेला माणूस तर झडलेला दिसायला हवा. म्हणून वॉकरसाठी किडकिडीत, लांब मानेची माणसं घ्यायची, की वर थर चढवले तरी चेहरा भरलेला वाटू नये. दुसरी म्हणजे काळ. पर्वागणिक वॉकर अधिक कुजत जातात. नाक बसतं, ओठ आक्रसतात, गाल हाडाला लागतात. मामा हे भाची सांगायच्या आधीच बोलले होते. "हे पहिल्या वर्षीचे न्हवं. ह्यास्नी मरून लई दिवस झालेत."

आणि सगळ्यांना सारखा मेकअप नाही. कॅमेऱ्याजवळच्या वॉकरवर दीड-दोन तास काम, मागच्या गर्दीला नुसते मुखवटे. इथं मामा मांडीवर थाप मारून हसले. ट्रॉलीवरही हेच चालतं. पुढच्या तीन मावळ्यांवर सगळी मेहनत, मागच्यांना पिवडी फासून उभे करा.

[दृश्य: गल्लीतलं मंडळाचं शेड. ओळीनं बसलेली पोरं, उघड्या छातीनं.]

मग वैशाख आला. मंडळाचा विषय पावनखिंड, १६६०. मामांनी पोरं निवडली ती सगळ्यात हडकुळी. मंडळाला हवे होते दंडाच्या बेटकुळ्या काढणारे, जिममधले. "रात्रभर धावून मग सिद्दीच्या फौजेशी लढलेला गडी जिममधनं आल्यावानी दिसंल काय?" मामांनी विचारलं आणि विषय संपवला.

दुपारी दोनपासून काम सुरू. कपाळावरचा वार आधी. कापूस लेटेक्समध्ये बुडवून दोन वळ्या, मध्ये खाच, खाचेच्या तळाला गडद लाल आणि काठांना जांभळट. बघा, रक्त अजून घातलेलं नाही. जखम रक्ताशिवाय खरी वाटली पाहिजे, हा त्यांचा नियम. खांद्यावर बाण घुसल्याची जागा. बाण अर्धाच, मागं पत्र्याची चकती, ती स्पिरिट गमनं चिकटवलेली आणि वरून पट्टी. मग सोललेली कातडी, तुम्हाला आता ओळखीची झालेली. किलोभर पातळ पोहे लागले. दुकानदारानं विचारलं, पूजा आहे काय.

बेळगावची हवा तशी थंड, पण वैशाखात हॅलोजनपुढं उभं राहिलं की घाम सुटतोच. मालिकेचं चित्रीकरण झालं त्या अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या उन्हाळ्यात वॉकरनाही घामाचाच त्रास, असं भाचीनं वाचून दाखवलं होतं. मामांचा उपाय साधा. रंगावर पावडर दाबून बसवायची आणि कानामागं रंग लावायचाच नाही, घामाला वाट ठेवायची.

[दृश्य: मिरवणूक. ट्रॉली वळणावर.]

सगळ्यात अवघड काम बाजीप्रभूंचं नाही. पायाशी पडलेल्या मेलेल्या गनिमाचं आहे. डॉल्बीनं छाती हादरते, वरून मावळ्याचा पाय पडतो, डोळे मिटलेले, आणि श्वास दिसता कामा नये. मामा ट्रॉलीबरोबर चालत त्याला बजावत होते, "पोटानं घे, छातीनं नको." वॉकर आवाजाकडं ओढले जातात हे आठवून भाची मागून ओरडली, "मामा, हिकडं आले असते तर पयला डॉल्बीवालाच गेला असता!" ते ऐकून मेलेला गनीम हसला. आमच्याकडं आहे ते शूट. मामांनी कापायला सांगितलं, आम्ही कापलं नाही.

मिरवणुकीनंतर काही घरांतली लहान मुलं रात्री दचकून उठली, अशी तक्रार मंडळाकडं आली. पुढच्या वर्षी जखमा बेतानं करायचं ठरलं. त्या बैठकीत कॅमेरा नव्हता.

मामा त्यावर फारसं बोलत नाहीत. सातव्या पर्वाचा पहिला भाग पाहिल्यावर मात्र बोलले. नेगन हा खलनायक काटेरी तार गुंडाळलेल्या बॅटनं रिकच्या साथीदारांपैकी आधी अब्राहमला मारतो, मग ग्लेनला. सहावं पर्व एप्रिल २०१६ मध्ये कोण मेलं ते न दाखवताच संपवलं होतं. लोक ऑक्टोबरपर्यंत खोळंबले. भाचीला एका क्लिकची वाट. ग्लेनचा डोळा बाहेर आला आणि मामा म्हणाले, "एवढं दाखवायचं नसतं." भाची अवाक. पोहे लावणारा माणूस हे म्हणतोय! "काम चांगलंच हाय गे. पण त्या पोरास्नी आपण ओळखतोय. अनोळखी वॉकरचं फोडा की काय फोडायचं ते." आम्हाला वाटतं, मंडळापेक्षा मामांनी हा मुद्दा नेमका पकडला. बाजीप्रभूंना बेळगावातलं प्रत्येक पोर ओळखतं.

[दृश्य: टीव्हीवर धुकं, चालणारे मुखवटे.]

नवव्या पर्वात व्हिस्परर्स येतात. जिवंत माणसं, मेलेल्यांची कातडी चेहऱ्यावर चढवून वॉकरांच्या कळपात मिसळलेली, कुजबुजत बोलणारी. आता मामा खुर्चीच्या टोकावर. चेहऱ्यावर चेहरा, मागं शिवण, डोळ्यांच्या भोकांतून खरे डोळे. "हे तर आमचंच काम करूलालेत!" तीन भाग सलग. जेवण टीव्हीसमोर, जे आजींच्या घरात चालत नाही.

आता मूळ मालिका संपली आणि भाचीनं रिकच्या साथीदाराची, डॅरिलची, वेगळी मालिका लावलीय, २०२३ ची, फ्रान्समध्ये सुरू होणारी. डॅरिल मूळ कॉमिकमध्ये नव्हताच, मालिकेनं घडवला. तिथं एक नव्या जातीचा वॉकर निघालाय. त्याचा स्पर्श झाला तरी कातडी भाजते. मामांनी चित्र थांबवून वहीत भाजल्याच्या कडा काढून घेतल्या. भाजलेल्याला जिलेटिन चांगलं, गरम करून ओतलं की फोड हुबेहूब येतो. पण हॅलोजनपुढं ते वितळणार. म्हणून सध्या लेटेक्समध्ये साबुदाणा भिजवून बघणं चाललंय. भाचीनं यावेळी गाल द्यायला साफ नकार दिला. परीक्षा आहे. मामेभावाला पन्नास रुपये कबूल झालेत, पैकी वीस त्यानं आधीच मागून घेतले.