तोंड आलंय

(दृश्य : कोपरखैरणे, माथाडी वसाहतीतली गल्ली. पहाट. दुधाची गाडी.)

माझे मामा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी. गोणी पाठीवर घ्यायची, ट्रक रिकामा करायचा आणि मधल्या दोन मिनिटांत तळहातावर तंबाखू-चुना मळून डाव्या गालात बार भरायचा. तीस वर्षं, तोच गाल. फेब्रुवारी २०२० मध्ये त्या गालाला आतून जखम झाली. मामा म्हणाले, "तोंड आलंय."

तोंड आलं म्हणून आपल्याकडे कुणी डॉक्टर गाठत नाही. मामींनी जाईचा पाला चावायला दिला, तूप लावलं, मेडिकलमधून जेल आणलं. पंधरा दिवस झाले, जखम भरेना. दाखवायचं ठरलं तो मार्चचा तिसरा आठवडा. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, त्याच रात्री लोकल थांबल्या आणि २५ तारखेपासून सगळा देश बंद.

नाक्यावरचा दातांचा दवाखानाही बंद. त्या डॉक्टरांना मी आजही दोष देत नाही. तोंडात यंत्र फिरलं की थुंकीचे बारीक कण खोलीभर उडतात, आणि विषाणू नेमका नाका-घशातच मुक्कामाला होता. त्या महिन्यांत दुसऱ्याच्या उघड्या तोंडावर वाकणं सगळ्यात धोक्याचं काम होतं.

(दृश्य : मार्केटचं गेट. मास्क लावलेले हमाल.)

मार्केट मात्र चालू होतं, मुंबईला कांदा-बटाटा हवा होता. मामा मास्क लावून जात होते. गाल सुजत होता, पण मास्कखाली कुणाला दिसणार? मे महिन्यात कोरोना वाढला म्हणून मार्केट आठवडाभर बंद ठेवलं. मामा दिवसभर घरात, मास्कशिवाय. तेव्हा मामींनी पाहिलं, भाकरी दुधात कुस्करल्याशिवाय घास आत जात नाही.

आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात गेली पाहिजेत, ही साधी तपासणी. मामांची दोनही जाईनात.

एका रुग्णालयाने कोविड वॉर्ड केल्याचं सांगून गेटवरूनच परत पाठवलं. दुसरीकडे जूनमध्ये तुकडा काढून तपासला. रिपोर्ट कॅन्सरचा. गालाचा, जबड्याच्या हाडापर्यंत पोहोचलेला.

असे मामा एकटे नव्हते. देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांत मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांत नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षीच्या तुलनेत ५४ टक्क्यांनी घटली. कॅन्सर काही घटला नव्हता. माणसं घरात होती, जाईचा पाला चावत.

(दृश्य : ऑपरेशन थिएटरचा बंद दरवाजा.)

या ऑपरेशनला लोक 'कमांडो' म्हणतात. गाल, जबड्याचा तुकडा आणि मानेतल्या गाठी एकाच वेळी काढायच्या. पेशंटसाठी ते नेहमीच जड. २०२० मध्ये ते करणाऱ्यांसाठीही जड झालं. हाड करवतीने कापायचं, सगळं काम विषाणूच्या घरात. भूल देऊन घशात नळी घालताना खोलीत भूलतज्ज्ञ आणि मोजके मदतनीस, बाकी सगळे बाहेर. गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिका उघडायची त्या क्षणी व्हेंटिलेटर काही सेकंद थांबवायचा, म्हणजे श्वासाचा फवारा अंगावर येत नाही. पीपीई किट, एन-९५, वरून फेसशील्ड. काचेवर वाफ धरते, एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, आणि याच अवस्थेत मानेतल्या नसा वाचवत तासन् तास काम करायचं.

मामांची पहिली तारीख हुकली. आदल्या दिवशीचा आरटीपीसीआर पॉझिटिव्ह आला, लक्षण एकही नाही. ते थांबणं मामींना सगळ्यात कठीण गेलं. कोरोना बरा होईपर्यंत कॅन्सर थांबेल का, हा त्यांचा प्रश्न. डॉक्टरांनी "नाही" असंच सांगितलं, आणि म्हणूनच निगेटिव्ह रिपोर्ट हातात येताच पुढची तारीख दिली.

तेव्हा 'सगळी ऑपरेशनं पुढे ढकला' असं म्हणणारे पुष्कळ होते. परळच्या टाटा रुग्णालयाने २३ मार्च ते ३० एप्रिल या काळात ४९४ नियोजित शस्त्रक्रिया केल्या, बहुतेक मोठ्या आणि गुंतागुंतीच्या. शस्त्रक्रियेनंतर एकही मृत्यू झाला नाही. निवडून, काळजी घेऊन केलं तर करता येतं, हे या आकड्याने दाखवलं. माझ्या लेखी तो त्या वर्षातल्या मोठ्या बातम्यांपैकी एक आहे. टीव्हीवर तिला फारशी जागा मिळाली नाही.

मामांचा नवा गाल छातीच्या स्नायूचा आहे. पायाचं हाड घेऊन जबडाही बांधता येतो, पण रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडाव्या लागतात, वेळ जातो. त्या दिवसांत अनेक सर्जनांनी छातीचा मार्ग धरला. कातडीसकट स्नायू गळ्यावरून वर फिरवायचा. वेळ कमी, आयसीयूतले दिवस कमी. त्या कातडीवर छातीचे केस असतात. ते गालाच्या आत वाढतात. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

(दृश्य : जुना मोबाइल, तडकलेली काच.)

भेटायला परवानगी नव्हती. गळ्यात नळी, म्हणून आवाज नाही. नाकात नळी, तिच्यातून दूध आणि पेज. सिस्टर व्हिडिओ कॉल लावून फोन समोर धरायच्या. मामी इकडून बोलायच्या, मामा नखाने काचेवर टिचकी मारायचे. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

"अहो, दुखतंय का?"

दोन टिचक्या. मामींना ठाऊक होतं, ते खोटं आहे.

नळीतला कफ दिवसातून कितीतरी वेळा यंत्राने ओढावा लागतो, आणि दर वेळी कण उडतात. ते काम सिस्टरांचं. तेव्हा लस आलेली नव्हती. त्यांच्याही घरी लहान मुलं होती.

पुढे शेक, म्हणजे रेडिएशन. आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे. ऑपरेशननंतर ते फार लांबवून चालत नाही, आणि लोकल आमच्यासारख्यांना बंद. कोपरखैरण्याहून कधी बस, कधी गल्लीतल्या पोराची रिक्षा. त्याने एकदाही पैसे घेतले नाहीत.

(दृश्य : घर. मामा खिडकीपाशी.)

शेक घेतल्यावर जबडा आखडतो. व्यायामाला फिजिओने साधं साधन सांगितलं, आइस्क्रीमच्या काड्या. एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि जमेल तशी एकेक वाढवायची. सुरुवातीला आठ जात होत्या.

आज मामी समोर बसून मोजतात. बारा. तेरा. मामा हात वर करतात, थांब म्हणून. मग स्वतःच हळूच चौदावी सरकवतात.