रेणू थरात कसा बसतो

कॉपर थॅलोसायनिन हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं नसेल, पण पदार्थ रोज पाहिला आहे. छपाईची निळी शाई, प्लॅस्टिकची बादली, गाड्यांचा रंग, यांतला बराचसा निळा याच रेणूचा असतो. आपल्याकडे रोह्यालाही या कुळातली रंगद्रव्यं बनतात. हाच रेणू निर्वात कक्षात तापवून काचेवर पन्नास-शंभर नॅनोमीटर जाडीचा थर म्हणून बसवला, तर त्यातून ट्रान्झिस्टर होतो, सौरघट होतो, नायट्रोजन डायऑक्साइड ओळखणारा संवेदक होतो. आज मी त्या थराबद्दल बोलणार आहे. नव्या रेणूंचं कौतुक पुष्कळ होतं, थराकडे मात्र कमी लक्ष जातं. आणि उपकरण चालतं की नाही हे शेवटी थर ठरवतो, असं माझं ठाम मत आहे.

या रेणूचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो ऐकण्यासारखा आहे. १९२७ साली स्वित्झर्लंडमध्ये डी डीसबाख आणि फॉन डेर वाइड या दोघांना दुसराच पदार्थ बनवताना एक गडद निळी पूड मिळाली. ती कशानेच बिघडेना. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथला एका रंगकारखान्यात थॅलिमाइड तयार करताना काचेचं अस्तर लावलेल्या लोखंडी भांड्याला तडा गेला, आतलं लोखंड उघडं पडलं आणि पांढऱ्या मालात निळसर-हिरवे कण दिसू लागले. तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी ते फेकून दिले नाहीत, हे महत्त्वाचं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात लिन्स्टेड यांनी १९३३-३४ च्या सुमारास रचना उलगडली, रॉबर्टसन यांनी क्ष-किरणांनी ती पक्की केली आणि १९३५ पासून हा निळा रंग 'मोनॅस्ट्रल' नावाने बाजारात आला.

रचना अशी: मधोमध धातूचा अणू, त्याला धरून ठेवणारे चार नायट्रोजन आणि त्यांच्याभोवती कार्बन-नायट्रोजनचं मोठं सपाट कडं. धातू आणि सेंद्रिय कडं यांचं हे जटिल संयुग. मधला धातू बदलता येतो: तांबं, जस्त, लोह, कोबाल्ट, शिसं. टायटॅनियम आणि ऑक्सिजन घातलेला भाऊबंद तर अनेक लेझर प्रिंटरच्या ड्रमवर असतो. प्रकाश पडला की तो विद्युतभार निर्माण करतो आणि त्यातूनच अक्षर उमटतं. म्हणजे हे अर्धवाहक (सेमीकंडक्टर) प्रयोगशाळेपुरते नाहीत, कधीचे आपल्या कचेऱ्यांत काम करत आहेत.

यांतून वीज वाहते, ती अर्धवाहकासारखी वाहते, हे १९४८ साली इंग्लंडमध्ये ईली यांनी आणि सोव्हिएत संघात वार्तान्यान यांनी स्वतंत्रपणे दाखवलं. पण कशी वाहते? सिलिकॉनमध्ये प्रत्येक अणू शेजाऱ्याशी घट्ट बंधाने जोडलेला असतो, त्यामुळे इलेक्ट्रॉनला सगळा स्फटिक मोकळा असतो. आपल्या रेणूंमध्ये बंध रेणूच्या आत आहेत. दोन रेणूंमध्ये फक्त व्हॅन डर वाल्स बल, म्हणजे अगदी क्षीण ओढ. विद्युतभाराला एका रेणूवरून दुसऱ्यावर उडी मारत जावं लागतं. शेजारच्या रेणूंचे इलेक्ट्रॉन-मेघ एकमेकांवर किती चढतात, यावर उडी सोपी की अवघड ते ठरतं. हे सपाट रेणू चपात्यांच्या कलंडलेल्या चवडीसारखे एकावर एक रचले जातात, आणि दोन रेणूंमधलं अंतर सुमारे ०.३४ नॅनोमीटर असतं. चवडीच्या दिशेने भार सहज सरकतो, आडव्या दिशेने त्याला फार कष्ट पडतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही चवड काचेवर उभी राहते की आडवी पडते?

थर कसा बसवतात ते आधी पाहू. बाजारातली रंगाची पूड उपयोगाची नाही. तिच्यात अशुद्धी असतात आणि प्रत्येक अशुद्ध रेणू भार अडकवून ठेवणारा सापळा होऊ शकतो. हा पदार्थ नेहमीच्या द्रावकांत जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे पुनर्स्फटिकीकरणाची वाट बंद. मग निर्वात नळीच्या एका टोकाला त्याला तापवायचं. नळीभर तापमान हळूहळू उतरत जातं, वाफ पुढे सरकते, शुद्ध पदार्थ एका पट्ट्यात जमतो आणि हलक्या अशुद्धी त्याच्या पुढे जाऊन बसतात. हे संप्लवन, म्हणजे घन पदार्थाची द्रव न होता थेट वाफ करणं, दोन-तीनदा करतात. चारशे अंशांच्या वर तापूनही न मोडणारा सेंद्रिय रेणू ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि त्या टणकपणामुळेच ही पद्धत इथे चालते.

मग शुद्ध पूड मॉलिब्डेनम धातूच्या नावेसारख्या छोट्या भांड्यात ठेवून कक्षातला दाब १०⁻⁶ टॉरपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे अब्जाव्या भागापर्यंत उतरवतात. या दाबाला हवेचा उरलेला रेणू दुसऱ्याला धडकण्याआधी सरासरी पन्नासेक मीटर जाऊ शकतो, म्हणून पुडीतून निघालेला रेणू सरळ काचेवर पोहोचतो. तरीही लक्षात ठेवा, एवढ्या निर्वातातही उरलेल्या वायूचा एका रेणूच्या जाडीचा पदर होईल इतका वायू सेकंदाच्या आसपास पृष्ठभागावर आदळत असतो. शेजारी क्वार्ट्झचा स्फटिक थरथरत असतो. त्याच्यावर जसजसं वजन साठतं तसतशी त्याची वारंवारता घटते, आणि त्यावरून थराची जाडी कळते. दर सेकंदाला एखादा अँगस्ट्रॉम (नॅनोमीटरचा दहावा भाग), इतक्या सावकाश हे काम चालतं.

रेणू काचेवर उतरला की त्याला दोन ओढी असतात: पृष्ठभागाची आणि शेजाऱ्यांची. काच किंवा सिलिकॉन डायऑक्साइड त्याला फारसं धरून ठेवत नाही, म्हणून रेणू एकमेकांना चिकटतात आणि कडेवर उभे राहतात. चवड मग पृष्ठभागाला समांतर जाते. स्वच्छ सोन्यावर उलट होतं. धातू रेणूला सपाट ओढून घेतो आणि चवड वर चढते.

ट्रान्झिस्टरमध्ये भाराला पृष्ठभागालगत आडवं जायचं असतं, म्हणून कडेवर उभे रेणू हवेत. सौरघटात भाराला वरून खाली जायचं असतं, म्हणून सपाट निजलेले हवेत. रेणू तोच, शुद्धता तीच. एका उपकरणाला वरदान ठरणारी मांडणी दुसऱ्याला घातक. म्हणूनच सौरघट करणारे काचेवर आधी कॉपर आयोडाइडचा जेमतेम काही नॅनोमीटरचा थर देतात, म्हणजे त्यावर थॅलोसायनिनचे रेणू सपाट निजतात. मला हे काम फार सुंदर वाटतं. रेणूला हात न लावता फक्त बसायची जागा बदलायची.

तापमानही तितकंच महत्त्वाचं. १९९६ साली झेनान बाओ, लविंजर आणि दोडाबालापूर यांनी कॉपर थॅलोसायनिनचे ट्रान्झिस्टर केले. तळपट्टी, म्हणजे थर ज्यावर बसतो ती पट्टी, १२५ अंशांवर ठेवल्यावर चलनशीलता, म्हणजे भार किती सहज सरकतो याचं माप, ०.०२ मिळाली, चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद या मापात. तळपट्टी न तापवता ती बरीच कमी होती. फार तापवलं तर स्फटिक मोठे होतात, पण त्यांच्यामध्ये फटी पडतात आणि भाराची वाट तुटते. सिलिकॉनच्या स्फटिकात इलेक्ट्रॉनचा हाच आकडा १४०० च्या घरात आहे. हा फरक मी लपवणार नाही. संगणकाचा प्रोसेसर या थरांतून होणार नाही. वाकणारा पडदा, मोठ्या क्षेत्रफळाचा संवेदक, दिवा, सौरघट ही त्यांची क्षेत्रं आहेत.

सौरघटाबद्दल एक अडचण सांगायलाच हवी. या पदार्थांत प्रकाशाने निर्माण झालेली इलेक्ट्रॉन आणि होलची (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेल्या रिकाम्या, धन जागेची) जोडी आपोआप सुटी होत नाही, घट्ट धरून राहते, आणि साधारण दहा नॅनोमीटर भटकून विझते. रॉचेस्टरला कोडॅकच्या प्रयोगशाळेत चिंग टँग यांनी १९८६ साली दोन थर एकमेकांना चिकटवले: कॉपर थॅलोसायनिन आणि त्याच्यावर पेरिलीनचं एक संयुग. सीमेवर पोहोचलेली जोडी तिथे फुटते. कार्यक्षमता एक टक्क्याच्या आसपास होती, पण दोन पदार्थांच्या सीमेवर जोडी फोडायची ही युक्ती आजच्या सेंद्रिय सौरघटांचा पाया आहे.

पुढच्याच वर्षी टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी ॲल्युमिनियम आणि हायड्रॉक्सिक्विनोलिनच्या जटिल संयुगाचा थर घेऊन दहा व्होल्टच्या आत हिरवा प्रकाश काढला. ओएलईडीची, म्हणजे सेंद्रिय पदार्थांच्या प्रकाश देणाऱ्या डायोडची, वाट तिथून खुली झाली. नंतर इरिडियमची संयुगं आली. विजेने तयार होणाऱ्या जोड्यांपैकी तीन-चतुर्थांश अशा अवस्थेत असतात की साध्या सेंद्रिय रेणूत त्या प्रकाश देत नाहीत. इरिडियमसारखा जड अणू त्यांनाही प्रकाशात उतरवतो. फोनच्या पडद्यावरचा लाल आणि हिरवा मुख्यतः या संयुगांचा आहे, निळा टिकवणं मात्र आजही कठीण जातं.

शेवटी, महाविद्यालयांतले विद्यार्थी विचारतात की महागडी यंत्रं नसताना आम्ही काय करायचं. काचेवर कॉपर थॅलोसायनिनचा थर जवळच्या विद्यापीठातून बसवून आणा. त्याचा शोषण-वर्णपट साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर घ्या. ६२० नॅनोमीटरच्या आसपास उंच शिखर आणि ६९० जवळ लहान शिखर दिसेल. ही रेणूंची अल्फा नावाची स्फटिक-मांडणी. मग तो थर नायट्रोजनमध्ये तीनशे अंशांच्या जवळपास भाजा आणि वर्णपट पुन्हा घ्या. शिखरं सरकतील, लांब तरंगलांबीकडचं शिखर ७२० जवळ उठून दिसेल. म्हणजे मांडणी बदलून बीटा झाली. जवळ क्ष-किरण यंत्र असेल तर न भाजलेल्या थराची क्ष-किरण विवर्तनाची रेघ ६.८ अंशांपाशी मिळते का पाहा. मिळाली तर रेणू कडेवर उभे आहेत. दोन्ही थरांवर चांदीचे दोन ठिपके देऊन रोध मोजा, एकदा कोरड्या हवेत, एकदा निर्वातात. ऑक्सिजन थरातून इलेक्ट्रॉन ओढून होल वाढवतो, म्हणून हवेतला आकडा वेगळा येईल. वहीत प्रत्येक मोजणीशेजारी तापमान आणि आर्द्रता लिहा. ती नसेल तर पुढच्या वर्षी तुमच्या जागी बसणाऱ्याला ते आकडे वापरता येणार नाहीत.