वळचणीची झालर

(दृश्य: कवेलूंची, म्हणजे कौलांची, उतरती रांग. भर दुपार. अंगणात कुणी नाही.)

ब्रह्मपुरी तालुका, चंद्रपूर जिल्हा. मे महिन्याचा दुसरा पंधरवडा. पारा 45 च्या वर. पाऊस तोंडावर आलाय, गावात कवेलू फेरायची घाई आहे. त्यातच या घरी वाढई, म्हणजे सुतार, आलेत. काम झालरीचं.

छपरीच्या वळचणीला ही कोरीव पट्टी दिसते, ती झालर. कवेलूंखालून डोकावणारी फाट्यांची, म्हणजे वाशांची, टोकं ती झाकते. अख्ख्या घरात सगळ्यात जास्त ऊन आणि पाणी खाणारं लाकूड हेच.

(दृश्य: जुनी झालर, अगदी जवळून.)

तीन पिढ्यांनी पाहिलेली ही सागवानाची फळी. राखाडी पडलीय, पण ठोकली की टणटण वाजते. कुजलंय ते फक्त डावं टोक, चार बोटं. लाकूड पाणी पितं ते कापलेल्या डोक्यातून. फळीच्या अंगातून फार कमी. नेमकं ते डोकं कुणीतरी भिंतीत लिंपून टाकलं होतं. ओल आत गेली, बाहेर यायला वाट नाही.

नवी फळी घरच्याच पडलेल्या गोठ्याच्या मयालीतून, म्हणजे तुळईतून, निघतेय. करवत अर्ध्यावर येते आणि दोन रंग दिसू लागतात. मधोमध सोनेरी तपकिरी गाभा, काठाला फिकट पट्टा. वाढईबाबा त्या पट्ट्यावर नखानं रेघ मारतात : "थे पांढरं दिसते ना, थो उदईचा खाऊ हाय."

सागाचा टिकाऊपणा म्हणतात तो या गाभ्याचा. त्यातलं तेल आणि उदईला, म्हणजे वाळवीला, न मानवणारी द्रव्यं काठाच्या लाकडात नसतात. सागवान म्हणून बाजारात पुष्कळदा हा काठच गळ्यात पडतो. 2023 च्या मार्चमध्ये बल्लारपूरच्या लाकूड आगारातून अयोध्येच्या मंदिराला सागवान निघालं, तेव्हा मिरवणूक निघाली होती. त्याच जिल्ह्यातल्या या मयालीची कोण काढणार!

(दृश्य: रंधा. भुसा. पटाशी.)

खालच्या कडेला आतून बारीक खाच पाडली जातेय. पाणी फळीखालून मागं सरकत भिंतीकडं जायला बघतं; या खाचेशी अडतं आणि थेंब होऊन अंगणात गळतं. भोकं आधी गिरमिटानं, मग स्टेनलेस स्टीलचे स्क्रू. लोखंडी खिळा गंजतो, फुगतो आणि लाकूड फाडतो. फळी आणि फाट्यांमध्ये बोटभर फट, वारा खेळायला.

मग जवसाचं तेल. हे इथल्याच शेतातलं पीक. खोबरेल कितीही लावा, ओलंच राहतं. जवसाचं हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं, घट्ट होतं. हात पातळ द्यायचा, उरलेलं पुसून काढायचं, नाहीतर चिकट राहून धूळ धरतं. फळीच्या दोन्ही डोक्यांना मात्र पुन्हा पुन्हा पाजायचं, पीत नाही तोवर.

(दृश्य: कुंपणाच्या तारेवर एकेक करून वाळत घातलेली तेलकट फडकी.)

ही फडकी अशी मोकळी का? या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर आतल्या आत तापतात आणि पेटही घेतात. आम्हाला हे माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी आम्हीच त्या गोळा करून ठेवल्या होत्या. बोलणी खाल्ली.

(दृश्य: रस्त्यापलीकडचं नवं घर.)

पलीकडच्या घराला पांढरी पीव्हीसीची पट्टी आहे. तिला उदई लागत नाही, पाण्यानं ती कुजत नाही. पण 10 फुटांची पट्टी पौषातल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत 5-6 मिलीमीटरनं वाढते. दोन्ही टोकं आवळून ठोकल्यावर ती जाणार कुठं? ही लाट कॅमेऱ्याची करामत नव्हे. प्लायवूडचे पदर उन्हापावसात सुटतात, जस्ती पत्रा कापलेल्या कडेनं गंजतो. सिमेंट-फायबरची पट्टी उन्हाला पुरते, कडा नीट रंगवल्या तर.

नव्या सागवानाचा भाव आज गावात बहुतेकांना परवडत नाही. या घरी मयाल होती.

(दृश्य: शिडी. दोघं फळी वर धरतात. तिसरा खालून पाहतो.)

"उजवी बाजू जराशी उचल बा."

(निवेदन थांबते. गिरमिटाचा आवाज. अंगणात अजून तीन फळ्या टेकवून ठेवलेल्या.)